पडलेल्या माणसाचे कान

दादा हसला की पडतो. हे कुणाला पहिल्यांदा सांगितलं की त्याला वाटतं मी थट्टा करतेय. मग तो हसतो, त्याचं बघून दादाला हसू येतं आणि दादा पडतो. म्हणून आता मी सांगायच्या फंदात पडत नाही. ज्याला बघायचं असेल त्याने बघावं.

माझा हा थोरला भाऊ न्हावी आहे. वळणावर त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान आहे. एका खुर्चीवर तो, दुसरीवर त्याचा कारागीर. दुकानाच्या मागच्या दारातून आत गेलं की स्वयंपाकघर, त्याला लागून दादा-वहिनीची खोली आणि वर एक खोली, ती माझी. मी टपाल कचेरीत पत्रांवर शिक्के मारते. लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल कुणी चौकशी केलेली मला आवडत नाही.

दादाची झोप हा आमच्या घरात फार जुना विषय आहे. शाळेत त्याला सगळे डुलक्या म्हणायचे. तो जेवताना झोपायचा, जिन्यात झोपायचा, रांगेत उभा राहून झोपायचा आणि रांग पुढे सरकली तरी तो जागचा हलायचा नाही. रात्री मात्र धड झोप नाही, चारदा उठून पाणी पिणार. बाबांचं निदान सोपं होतं: कार्टं आळशी आहे. ते निदान त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही. बाबा गेले त्या दिवशीही दादा त्यांच्या उशाशी बसल्या बसल्या झोपला. नातेवाइकांनी त्यावर जे तोंडसुख घेतलं ते मला अजून पाठ आहे.

पडणं नंतर सुरू झालं, तो दुकानात बसायला लागल्यावर. आधी गुडघे जातात, मग मान कलते, मग जबडा सुटतो, आणि दोरी सोडल्यासारखा तो खाली बसत बसत आडवा होतो. डोळे मिटलेले, तोंड उघडं. मिनिटाभरात उठतो. कधीकधी त्यातूनच गाढ झोप लागते आणि मग अर्धा तास घोरतो. रडण्याने पडत नाही, भांडणाने फारसा पडत नाही. हसू आलं की पडतो. ज्या माणसाला हसणं परवडत नाही त्याने न्हाव्याचा धंदा करावा आणि शेजारच्या खुर्चीवर गावातला सगळ्यात विनोदी कारागीर ठेवावा, हे फक्त माझ्या भावालाच जमू शकतं.

दुकानात त्याने यावर तोड काढली होती. आरशाच्या कोपऱ्यात एक पाटी लावली, ‘दाढी चालू असताना हसवू नये’. गिऱ्हाइकांना ती पाटीच विनोद वाटायची. कारागिराने तोंड उघडलं की दादा मनातल्या मनात घरातल्या मेलेल्या माणसांची नावं घ्यायला लागायचा. आजी, बाबा, धाकटी आत्या, आत्याचा नवरा. वस्तरा गालावर स्थिर, चेहरा दगडी. लोक म्हणायचे, हात सोन्यासारखा आहे पण माणूस मेला शिष्ट. कोणी त्याला मनमोकळं हसताना पाहिलेलं नव्हतं. दिवसभर असं स्वतःला आवळून धरून तो संध्याकाळी मागच्या दारातून आत यायचा, तेव्हा त्याच्या तोंडावर जो शीण असायचा तो मी कारखान्यातून सुटलेल्या माणसांच्या तोंडावरही पाहिलेला नाही.

घरात तो सैल सोडायचा. आणि घरातच पडायचा. मी कचेरीतल्या साहेबांची नक्कल केली की हमखास. वहिनीला त्याची इतकी सवय झाली होती की एका हाताने ती स्टूल बाजूला सारायची, दुसऱ्या हाताने घडी केलेला टॉवेल त्याच्या डोक्याखाली सरकवायची आणि पुन्हा वाटाणे सोलायला बसायची. आम्हाला वाटायचं, हीही एक झोपच. आणि झोपलेल्या माणसासमोर लोक जसं बोलतात तसं आम्ही बोलायचो. त्याच्या अंगावरून, त्याच्याबद्दल.

वहिनी तशी बोलणारी बाई नाही. तिला समोरून काही विचारा, उत्तर एकच: "काही नाही, ठीक आहे." ताप असला तरी ठीक आहे, डोळे सुजलेले असले तरी ठीक आहे. दादा उभा असताना त्याच्याकडे तिने कधी कशाची तक्रार केली नाही. तो पडला की मात्र तिची जीभ सुटायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित तेवढाच वेळ तिला कोणाची काळजी करायची नसायची. तो पडायचा होता तो पडलेला आहे, आता आणखी कुठे पडणार?

एकदा तो असाच पडलेला असताना ती मला म्हणाली, "दुकानातले टॉवेल धुऊन धुऊन माझ्या बोटांची सालं निघालीत. लोकांचे केस माझ्या नखांत जातात. ह्यांना काय, ह्यांना स्वच्छ घडी हातात मिळते." मी "हं" म्हटलं. दोन-चार दिवसांनी दादा जेवताना म्हणाला, "टॉवेल उद्यापासून धुलाईवाल्याकडे जातील." वहिनीच्या हातातला घास तिथेच राहिला.

असं पुष्कळदा झालं. तिची आई आजारी होती, हिला जायचं होतं, दादाजवळ बोलवत नव्हतं. दादाच म्हणाला, "आईकडे जाऊन ये, इथलं आम्ही बघतो." स्वयंपाकघरात उजेड कमी पडतो म्हणून ती माझ्याजवळ कुरकुरली, तर महिन्याच्या आत भिंतीला खिडकी पडली. वहिनी मला वर येऊन सांगायची, "ह्यांना न सांगता कळतं गं. एवढे झोपाळू, पण माझ्या मनातलं बरोब्बर ओळखतात." सांगताना तिचा चेहरा नव्या नवरीसारखा व्हायचा. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आणि एक दिवस असा होता की ती निघालीच होती. दादा सकाळी बाजारात कशालातरी हसून पडला होता. लोकांना वाटलं प्यालेला आहे, त्यांनी त्याला नाक्यावर बसवून ठेवलं आणि वहिनीला बोलावणं पाठवलं. घरी आणल्यावर त्याला त्याचंच हसू आलं, तो पुन्हा पडला, आणि ती त्याच्याशेजारी उभी राहून मला म्हणाली, "मी दमले. मी उद्या भावाकडे जाते, ती कायमची. बॅग भरलेली आहे, पलंगाखाली आहे. ह्यांना मी सांगणार नाही, तू सांग." दुसऱ्या दिवशी दादाने दुकान उघडलं नाही. पुढचं दार लावून घेतलं, वहिनीचा हात धरून तिला दुकानात नेलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं. कोमट पाण्याने तिचे केस धुतले, पुसले, सावकाश गुंता सोडवला, खालची फाटलेली टोकं कापली. दुपार झाली. दोघांपैकी कोणी एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी बॅगेतल्या साड्या कपाटात परत गेल्या. "त्यांना काहीच माहीत नव्हतं," ती मला म्हणाली, "तरी कळलं. असा माणूस सोडून कुठे जाऊ?" तिच्या संसाराला तेवढा एकच टेकू होता, आणि तो भक्कम आहे असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

पुढे मिशीचं प्रकरण झालं. निवृत्त मुख्याध्यापक दादाचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या मिशा म्हणजे शाळेच्या घंटेइतक्या प्रसिद्ध. ते दाढीला बसले की डोळे मिटून घ्यायचे आणि त्यांचाही डोळा लागायचा. त्या दिवशी खुर्चीतला माणूस झोपला आणि खुर्चीमागचा माणूस उभ्या उभ्या झोपला. झोपेत दादाला दिसलं की बाबा खुर्चीत बसलेत आणि म्हणताहेत, काढून टाक ही मिशी, उकडतंय. दादाने बापाची आज्ञा पाळली. हात सवयीने चालत राहिला, कुठे ओरखडासुद्धा नाही. जागा झाला तेव्हा आरशात एक बिनमिशीचे गृहस्थ बसले होते आणि ते कोण हे त्याला ओळखेना. कारागीर तोंडावर हात दाबून बाहेर पळाला.

मुख्याध्यापक रागावले नाहीत, ते गप्प झाले, आणि तेच वाईट होतं. दादा आत येऊन पायरीवर बसला. वस्तरा धरणारा हात त्याने दुसऱ्या हाताने घट्ट धरला होता. "मिशी होती म्हणून," तो म्हणाला. "गळा असता तर?" त्यानंतर त्याने वस्तऱ्याला हात लावला नाही. शेवटी वहिनीने कुठूनतरी झोपेच्या डॉक्टरीणबाई शोधून काढल्या आणि आम्ही दोघींनी त्याला जवळजवळ ओढतच नेलं.

इस्पितळात त्याच्या डोक्याला तारा चिकटवल्या आणि दिवसभर थोड्या थोड्या वेळाने झोपायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला झोप म्हणत होतं. तिथली परिचारिका म्हणाली, उशीला डोकं लागतं न लागतं तोच ह्यांचं स्वप्न सुरू होतं. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. तरुण होत्या, स्वतःच्याच डोळ्यांखाली काळं होतं. म्हणाल्या, "ह्याला नार्कोलेप्सी म्हणतात. आळस नाही, वेड नाही. झोप आणि जाग यांच्यामधलं दार ह्यांच्यात नीट लागत नाही. स्वप्न जागेपणी आत येतं, आणि स्वप्नात आपलं अंग जसं लुळं असतं तसं ते ह्यांचं हसताना होतं."

"म्हणजे पडल्यावर झोपच लागते ना?" वहिनीने विचारलं.

"नाही हो. लोकांना तसं वाटतं. नंतर झोप लागू शकते, पण सुरुवातीला ते पूर्ण जागे असतात. फक्त पापणीसुद्धा उचलता येत नाही. ऐकू सगळं येतं."

डॉक्टरीणबाई पुढे गोळ्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या. मला एक अक्षर कळलं नाही. मी भराभर आठवत होते की मी त्याच्या अंगावरून काय काय बोलले आहे. शिष्ट, भित्रा आणि एकदा तर गाढव, एवढं आठवलं आणि मी आठवणं थांबवलं. वहिनी दादाकडे बघत होती. दादा पायातल्या चपलांकडे बघत होता.

"सगळं?" तिने विचारलं.

"हो," दादा म्हणाला.

"टॉवेलचं? आईचं?"

"हो."

"बॅगेचं?"

त्याने नुसती मान हलवली.

घरी आल्यावर वहिनीने चप्पल काढली, हातपाय धुतले, आणि मग शांतपणे म्हणाली, "मला वाटत होतं तुम्ही ओळखता. तुम्ही ऐकत होतात." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"सांगितलं असतं तर तू बोलली असतीस?" दादा म्हणाला. "मी उभा असलो की तू म्हणतेस ठीक आहे. आडवा झालो की खरं बोलतेस. मी काय करायचं?"

"विचारायचं होतं."

"विचारलं होतं. लग्न झाल्यावर रोज विचारत होतो. ठीक आहे म्हणालीस. मग विचारणं सोडलं."

मला दोघांचाही राग आला होता. ऐकून घेऊन उपकार केल्यासारखा गप्प बसणारा हा, आणि माणूस बेशुद्ध आहे असं समजूनच मन उघडणारी ही. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा मला दमायला झालं होतं. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात राहून तीन माणसांनी एकमेकांशी सरळ बोलू नये, ह्याला काय म्हणावं ते कळेना.

गोळ्या लागू पडल्या. हळूहळू दादाच्या डोळ्यांवरची झापड उतरली, दिवसाचा माणूस दिवसा जागा दिसू लागला. पडणं आधी कमी झालं, मग थांबलंच. त्याने वस्तरा पुन्हा हातात घेतला. मुख्याध्यापक स्वतःहून आले, अर्धवट वाढलेली मिशी घेऊन. आरशावरची पाटी निघाली. कारागिराने वर्षानुवर्षं साठवलेले विनोद काढले आणि माझा भाऊ पाय रोवून, खुर्चीच्या पाठीला न धरता हसला. मी टपाल कचेरीतून येताना रस्त्यावरून ते हसू ऐकलं आणि आधी मला कळलंच नाही कोण हसतंय. त्याचं हसणं मला ओळखीचं नव्हतं.

मागच्या दाराच्या आत मात्र कोणी हसत नव्हतं. वहिनी ठीक आहे एवढंच म्हणायची. आता तर माझ्याजवळही तेवढंच. बोलायची जी जागा तिला होती ती गेली होती. दादा तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. मीठ पुढे सरकवायचा, तर तिला पाणी हवं असायचं. खिडकी उघडायचा, तर तिला वारा नको असायचा. बायकोच्या मनातलं ओळखणाऱ्या माणसाला आता काही म्हणजे काही ओळखता येत नव्हतं. चांगला जागा होता, आणि आंधळ्यासारखा चाचपडत होता.

एक दिवस ती मला म्हणाली, "मी भावाकडे जाऊन राहीन म्हणते. ह्यांना आता टॉवेल सरकवणारी लागत नाही. गोळ्या आहेत." दादा तिथेच उंबऱ्यात उभा होता. या वेळी ती त्याच्यासमोर बोलली होती, पण त्याच्याशी नाही. तो काहीतरी बोलेल म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यभर त्याने आपलं उत्तर हाताने दिलेलं, टॉवेल, खिडकी, केस. तोंडाने द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे काही नव्हतं.

दुकान बंद असण्याच्या दिवशीची गोष्ट. दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती, त्यातल्या तिच्या साड्या वेगळ्या ठेवत होती. मी वर्तमानपत्र वाचत होते. दादा ओट्याला टेकून उभ्याने चहा पीत होता. हसण्यासारखं काहीच घडत नव्हतं. दादाने चहाचा अर्धा कप ओट्यावर ठेवला. काठापासून जरा आत सरकवला. मग त्याचे गुडघे वाकले, मान कलली आणि तो सावकाश जमिनीवर आडवा झाला.

मी पेपर टाकून उठले. गोळ्या चुकल्या की काय, डॉक्टरीणबाईंना फोन करावा का, असं सगळं डोक्यात आलं. वहिनी उठली नाही. ती कपाकडे बघत होती. मग तिने दादाकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते, पण तोंडही मिटलेलं होतं, आणि पडताना त्याने एक हात चोरून टेकवला होता. दादाला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत होतं. त्याला खोटं पडताही येत नाही हे तेव्हा कळलं.

मला वाटलं आता ही चिडणार. तिने हातातली साडी बाजूला ठेवली, घडी केलेला एक टॉवेल उचलला, त्याच्या डोक्याखाली सरकवला आणि तिथेच जमिनीवर पाय लांब करून बसली. मी जायला निघाले तर म्हणाली, "बस. नेहमी असतेसच की."

मग ती बोलायला लागली, पण माझ्याकडे बघून नाही.

"मी दमले आहे," ती म्हणाली. "तुम्हाला उचलून नाही. तुम्हाला उचलायला कधी ताकद लागली नाही. कुणीतरी आपलं आपण ओळखेल म्हणून वाट बघून दमले. तुम्ही बरे झालात, मला आनंद झाला नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही. दुकानात हसता ते मला इथे ऐकू येतं आणि राग येतो. त्या कारागिराबरोबर हसायला मिळालं, माझ्याबरोबर कधी हसलात की आडवे. मला तुमचं हसू उभ्याने एकदाही मिळालेलं नाही. भावाकडे जायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. तिथे मला कोणी बोलावलेलंही नाही. त्या दिवशी केस धुतलेत तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि मी वेडी समजत होते की..." तिने नाक पुसलं.

दादाच्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी कानाकडे चाललं होतं. त्याने कोपर टेकलं आणि तो उठू लागला.

वहिनीने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि त्याला परत खाली दाबलं.

"उठू नका," ती म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."